हॉलमधलं शेवटचं बटण

दुपारची जेवणं आटोपली आणि वरच्या मजल्यावरची मंडळी आपापल्या खोल्यांत लवंडली, की सर उठायचे. चपला पायात सरकवायच्या, हात मागे बांधायचे आणि हॉलकडे निघायचं. सरांची खोली जिन्याच्या अगदी तोंडाशी आणि हॉल जिन्याच्या पलीकडे, म्हणजे चालणं असं फारसं नव्हतंच. पण सर निघायचे ते अख्ख्या इमारतीची तपासणी करायला निघाल्यासारखे. रिकाम्या खुर्च्यांना वारा घालणारे पंखे बंद. कुणी बघत नसताना बडबडणारा टीव्ही बंद. पाणी गार करायचं यंत्र बंद, कारण जेवणं झाल्यावर गार पाणी हवंय कुणाला. कुणीतरी विसरलेला मोबाइलचा चार्जर, तोही बंद. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातलं बटण. तिथे प्लगमध्ये एक पांढरा ठोकळा खोचलेला असायचा आणि त्याच्यावर हिरवा ठिपका लुकलुकत असायचा. हे डास पळवायचं यंत्र आहे, असं सरांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दिवसाढवळ्या कसले डास, आणि रात्री हॉलमध्ये झोपतंय कोण. डासांना चावायला तरी कुणी नको का? तेव्हा तेही बंद. मग सगळ्या हॉलवर एकदा नजर फिरवून सर समाधानाने परत यायचे. हीच फेरी रात्री झोपण्याआधी पुन्हा एकदा व्हायची. सकाळ-संध्याकाळ झाडायला येणाऱ्या मावशी पुटपुटत सगळी बटणं परत चालू करायच्या.

या माणसाने उभी हयात मुलांच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काढली होती. दहा वाजले की दिवे बंद, मग परीक्षा असो नाहीतर प्रेमभंग. मुलांनी त्यांचं नाव 'ब्लॅकआउट' ठेवलं ते नोकरीच्या पहिल्याच वर्षी, आणि ते नाव इतकं चिवट निघालं, की सरांच्या मागोमाग या वृद्धाश्रमातही येऊन पोचलं. झालं असं, की त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतःच टक्कल पडलेला, इथे राहणाऱ्या आपल्या आत्याला भेटायला आला होता. हॉलचे पंखे पटापट बंद होताना पाहून तो सगळ्यांदेखत म्हणाला, की अरेच्चा, ब्लॅकआउट इथे पण का. एवढं पुरलं. त्या दिवसापासून सर समोर 'सर' आणि पाठीमागे 'ब्लॅकआउट'. सरांना हे माहीत होतं आणि मनातल्या मनात ते थोडे खूशही होते. नाव ठेवायला निदान लोकांनी आपल्याकडे लक्ष तर दिलं.

वसतिगृहात सरांच्या आज्ञेबाहेर एकच माणूस होतं आणि ते त्यांच्याच घरात राहत होतं. मुलं त्यांना काकू म्हणत, म्हणून त्या सगळ्या जगाच्याच काकू झाल्या. सर दहाला सगळे दिवे घालवून येत, आणि काकू मागच्या दाराने जाऊन व्हरांड्यातला एक दिवा हळूच लावत. सर विचारत, हा कशाला. काकू म्हणत, राहू दे, एक जण यायचाय अजून. कोण यायचाय, कुठून यायचाय, ते कधी सांगत नसत. आणि खरोखरच कुणीतरी यायचा. शेवटची बस चुकलेला, चोरून सिनेमाला गेलेला, घरी भांडून रडत परत आलेला. तो अंधारात ठेचकाळायचा नाही आणि काकूंच्या स्वयंपाकघरात त्याला काहीतरी गरम मिळायचं. सर 'नियम म्हणजे नियम' म्हणून तो दिवा घालवायचे, त्यांची पाठ वळली की काकू पुन्हा लावायच्या. या दोघांच्या संसारात भांडण असं हे एकच झालं, पण ते त्यांनी जन्मभर पुरवून वापरलं.

आता काकूंना फारसं काही आठवत नव्हतं. सर कोण हे कधी कळायचं, कधी कळायचं नाही. बरा दिवस असला की त्या 'अहो' म्हणायच्या. नसला की अदबीने विचारायच्या, तुम्ही कुणाचे पालक. सर म्हणायचे, मी असाच, भेटायला आलोय. आश्रमात बायकांची रांग वेगळी आणि पुरुषांची वेगळी, पण आश्रम चालवणाऱ्या मॅडमनी मनात आणून दोघांना दोन रांगांच्या टोकाच्या समोरासमोरच्या खोल्या दिल्या होत्या. दार उघडं टाकून सर पलंगावर बसले, की समोरच्या पलंगावर काकूंचे पाय दिसत. पायमोज्यांतले दोन पाय, एकावर एक टाकलेले. सरांचं तेवढ्यावर भागत होतं. बाकी आयुष्यात आता त्यांना काही नको होतं, आणि हे मी शोभेसाठी म्हणत नाही.

तर या आश्रमात प्रत्येक पलंगाच्या गादीखाली एक पट्टी आणि पलंगाच्या पायाला एक डबी बसवलेली होती. माणूस उठला, की डबी खालच्या मजल्यावरच्या नर्सच्या टेबलाला कळवायची. टेबलावर टिणटिण वाजायचं आणि कुणीतरी वर यायचं. वायर नाही, काही नाही. डबीत एक बॅटरी, तिच्यावर सगळा कारभार. ज्या बाईने हे सगळं बसवलं तिला मंडळी 'बॅटरीवाली' म्हणत. पाठीवर सॅक, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि म्हाताऱ्यांशी बोलायचा मनापासून उत्साह. तिने पहिल्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांना बसवून नीट समजावलं होतं, की या डब्या एकमेकींचे निरोप पुढे पोचवतात, की बॅटरी वर्ष-दीड वर्ष टिकेल, की डबी जितक्या वेळा बोलते तितका बॅटरीचा खर्च. एवढ्या सगळ्यातून रेक्टरच्या कानाने 'खर्च' हा एकच शब्द उचलला.

आणि नेमकी सरांच्याच पलंगाची बॅटरी टिकेना. बाकी सगळ्यांच्या डब्या सुखाने नांदत होत्या. सरांची डबी दोन-तीन आठवड्यांत मान टाकायची. बॅटरीवाली यायची, नवी घालायची, डबी उलटीसुलटी करून बघायची आणि डोकं खाजवत जायची. तिने डबीच बदलून पाहिली. नवी डबीही तशीच. वारंवार उघडून स्क्रूवर ओरखडे पडले ते वेगळेच.

मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पूर्वी त्या मोठ्या रुग्णालयात नर्स होत्या आणि पडलेली म्हातारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. टेबलावर टिणटिण वाजलं नाही तर काय होतं, हे त्यांच्याइतकं इथे कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी सरांना ऑफिसात बोलावून चहा दिला आणि चहा संपल्यावर विचारलं, की तुम्ही डबी उघडता का. एका आजोबांनी पूर्वी आपल्या डबीतली बॅटरी काढून रेडिओत घालून पाहिली होती. सरांकडे तर वसतिगृहापासूनची टॉर्च होती, आणि रांगेत त्यावरून कुजबुज सुरू झालीच होती. सरांचा चेहरा लालबुंद झाला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या नावची एक पेन्सिलही खिशात घातली नाही, त्याच्यावर बॅटरीचोरीचा आळ. त्यांनी एवढंच सांगितलं, की मी हात लावलेला नाही.

मॅडम म्हणाल्या, की माझा विश्वास आहे, पण माझ्या विश्वासावर टेबल वाजत नाही. अजून एकदा असं झालं तर तुम्हाला खालच्या वॉर्डात हलवावं लागेल. तिथे रांगेने पलंग होते आणि सतत कुणीतरी डोळ्यांसमोर असायचं, त्यामुळे डबीची गरजच नव्हती. काकूंना भेटायला संध्याकाळी कुणीतरी हात धरून वर आणेल, असंही त्या म्हणाल्या. हे त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. सरांनी रिकामा कप पुन्हा उचलून तोंडाला लावला.

खोलीवर परत येऊन सरांनी विचार केला, आणि रेक्टरच्या डोक्यात जो विचार येणार तोच आला. डबी बोलते तेव्हा बॅटरी खर्च होते. मी उठलो की डबी बोलते. म्हणजे मी फार उठतो. काटकसर करायला हवी.

मग सुरू झाली ती सरांची काटकसर. दुपारी ते पलंगावर ओंडक्यासारखे पडून राहू लागले. कूस बदलायची नाही. पाठीला मुंग्या आल्या तर येऊ द्यायच्या. पाणी प्यायला उठायचं असेल तेव्हाच बाकीची कामंही उरकून घ्यायची. पलंगाच्या पायाला चिकटलेल्या त्या डबीकडे ते तासन्‌तास तिरक्या डोळ्यांनी बघत, जणू तो परीक्षेला बसलेला मुलगा होता आणि कॉपी करताना सापडणार होता. हॉलच्या फेऱ्या मात्र त्यांनी सोडल्या नाहीत, कारण ती वीज वाचवण्याचीच गोष्ट होती. एकीकडे वाचवायचं आणि दुसरीकडे वाया जाऊ द्यायचं, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. कमी केलं ते एकच. पूर्वी ते दुपारभर समोरच्या खोलीत येजा करत, काकूंची चादर सारखी कर, उशी सरकव, उगाच खुर्चीत बसून राहा. आता ते दुपारी एकदाच जाऊन येऊ लागले. बाकीचा वेळ ते पडल्या पडल्या दारातून पायमोज्यांतले पाय बघत. जवळ राहता यावं म्हणून ते लांब राहू लागले, आणि हा हिशोब आपल्याला कुठे नेतोय ते त्यांना दिसलं नाही.

अशाच एका दुपारी पडल्या पडल्या सरांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर पाय नव्हते.

काकू सापडल्या मागच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर. मावशींना त्या दिसल्या तेव्हा भिंतीवरच्या बटणांच्या फळीवर त्या बोटं फिरवत उभ्या होत्या, आणि पुढचं पाऊल पायरीच्या बाहेर होतं. पडल्या नाहीत, मावशींनी दंड धरला म्हणून पडल्या नाहीत. काय हवंय विचारलं तर म्हणाल्या, दिवा लावायचाय. खाली टेबलावर काही म्हणजे काही वाजलं नव्हतं. काकूंची डबी तपासली तर ठणठणीत होती. सरांची मात्र पुन्हा बंद पडलेली होती.

मॅडमनी सरांच्या परगावच्या मुलीला फोन केला. मुलगी घाबरली आणि म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाबांना मी समजावते. मॅडमनी बॅटरीवालीला बोलावणं धाडलं आणि सरांना सांगितलं, की डबी उघडली गेलीय असं तिने लिहून दिलं, तर उद्याच तुमचं सामान खाली. सरांनी मान डोलावली. त्यांनी भांडण केलं नाही. भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं. काकूंचं ते पायरीबाहेरचं पाऊल त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं.

बॅटरीवाली नेहमी सकाळी यायची. मावशींनी सगळी बटणं चालू केलेली असायची, टीव्ही गात असायचा, पंखे फिरत असायचे, आणि तिच्या लॅपटॉपवर सगळं कसं जिथल्या तिथे दिसायचं. म्हणून तर तिला इतके दिवस काही सापडत नव्हतं. त्या दिवशी तिची स्कूटर वाटेत पंक्चर झाली आणि ती पोचली ती जेवणं उरकल्यावर. सरांच्या खोलीत जाऊन तिने नवी बॅटरी घातली, स्क्रूचे ओरखडे पाहिले. मग हॉलमध्ये जाऊन कोपऱ्यातल्या ठोकळ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसली, चार्जर लावला आणि लॅपटॉप उघडला.

सरांना तिच्यासमोर जायचं नव्हतं. ज्या हाताने आपला निकाल लिहायचा, त्या हाताकडे बघायची हिंमत कुणाला होते. पण फेरीची वेळ झाली होती, आणि इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती. ते आले. पंखे बंद केले. टीव्ही बंद केला. पाण्याचं यंत्र बंद केलं. एक अनोळखी चार्जर दिसला, तो बंद केला; तो तिचाच होता. ती हसली आणि बॅटरीवर काम चालेल असं तिने हाताने दाखवलं. मग सरांनी वाकून कोपऱ्यातलं बटण बंद केलं. हिरवा ठिपका विझला.

सर चार पावलं गेले असतील, तोच मागून ती म्हणाली, "काका, ते शेवटचं परत चालू करता?"

सर म्हणाले, की आत्ता डास नाहीत.

तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते सरांना आधी हसू वाटलं, मग वाटलं हिला रडू येतंय. तिने त्यांना जवळ बोलावलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर ठिपके होते, एकेका खोलीचा एकेक, आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. सरांनी बटण चालू केलं. थोड्या वेळाने सगळ्या रेघा येऊन एका जाड ठिपक्याला मिळाल्या. हा तुमचा डासांचा ठोकळा, ती म्हणाली. आता बंद करा. सरांनी बंद केलं. रेघा एकेक करून सुटल्या, जरा वेळ तशाच तरंगत राहिल्या, आणि मग वळून एका लहानशा ठिपक्याला बिलगल्या. सगळ्याच्या सगळ्या. त्या ठिपक्याखाली सरांच्या खोलीचा नंबर होता.

मग तिने त्यांना समजावलं, आणि या वेळी सरांनी प्रत्येक शब्द ऐकला. या डब्या जवळजवळ सगळा वेळ झोपलेल्या असतात, म्हणून त्यांची बॅटरी टिकते. काही सांगायचं किंवा ऐकायचं असलं की उठतात, आणि उठलं की खर्च. आपल्या खोलीतला निरोप प्रत्येकीकडे असतो, पण तो खाली टेबलापर्यंत पोचवायचं काम या ठोकळ्याचं. तो भिंतीतून वीज घेतो, त्याला झोपायची गरज नाही, दमायची सोय नाही. तो बंद असला की निरोप दुसरी वाट शोधतात. मध्ये लिफ्टचं सगळं लोखंड उभं आहे, त्यातून काही जात नाही. उरली ती जिन्याच्या तोंडावरची एकच डबी.

"तुमची डबी बिचारी तुमच्यासाठी काहीच करत नव्हती, काका," ती म्हणाली. "ती सगळ्या मजल्याचे निरोप वाहत होती. दुपारभर, रात्रभर. तिला झोपच नाही मिळाली."

सर तिथेच खुर्चीवर बसले. आपण ओंडक्यासारखे पडून काढलेल्या दुपारी त्यांना आठवल्या. आपण निश्चल, आणि आपल्या पाठीखाली ती एवढीशी डबी धापा टाकतेय. मग त्यांनी विचारलं.

"समोरच्या खोलीचा निरोप?"

"तोही तुमच्याकडूनच जातो."

"म्हणजे त्या दिवशी ही उठली, तेव्हा तिच्या डबीने सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पुढे न्यायला कुणी जागं नव्हतं."

सरांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. बॅटरीवालीला भलतंच वाईट वाटलं. ती उठून त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली. पाण्याचं यंत्र त्यांनीच बंद केलेलं होतं, त्यामुळे पाणी कोमट होतं, आणि सरांनी ते निमूटपणे प्यायलं. मग रेक्टरचा जुना स्वभाव कुठूनसा वर आला आणि त्यांनी विचारलं, की तो ठोकळा खातो तरी किती.

तिने मनात आकडेमोड केली. म्हणाली, रोज तुम्ही बंद ठेवता तेवढ्या वेळात अर्धा कप चहा उकळेल, एवढी वीज.

अर्धा कप चहा. सरांना हसू आलं.

बॅटरीवालीने लॅपटॉप मिटला. ती म्हणाली, की काका, एक काम करू. मी लिहून देते, की प्लग सैल होता, ठोकळा मधूनमधून बंद पडत होता. ते खोटंही नाही, बंद तर पडतच होता. मी तो उंचावरच्या प्लगमध्ये लावून जाते. तुमचं नाव यायलाच नको, तुमची खोली तुमच्याकडे राहील. हे बोलताना ती दाराकडे बघत होती, कुणी येत नाही ना म्हणून. तिचा स्वतःचाही बाप कुठेतरी अशीच बटणं बंद करत फिरत असेल, असं सरांना वाटून गेलं.

मोह मोठा होता. समोरच्या खोलीत पायमोज्यांतले पाय होते. हो म्हटलं, की ते पाय रोज दिसणार. पण अर्धंच खरं सांगणाऱ्या मुलांना ज्यांनी व्हरांडा झाडायला लावला होता, ते हे सर.

"नको," ते म्हणाले. "मी सांगतो त्यांना."

जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. मॅडम ऑफिसात होत्या. सर बसले नाहीत. उभ्या उभ्या, मुलं त्यांच्यासमोर उभी राहायची तसे, त्यांनी सांगितलं.

"डबी मी उघडली नाही. पण हॉलमधलं ते यंत्र मी रोज बंद करत होतो, दोनदा. मला वाटलं, डासांचं आहे. त्यामुळे माझी बॅटरी संपायची, आणि त्यामुळेच हिचा निरोप खाली आला नाही. ती जिन्यावर गेली ती माझ्यामुळे. तुम्ही म्हणाल तेव्हा मी सामान आवरतो."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना राग आला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. त्या म्हणाल्या, की सर, त्या पडल्या असत्या तर मी त्यांच्या मुलीला काय सांगितलं असतं. सर म्हणाले, तिच्या मुलीला मी काय सांगितलं असतं. आणि मुलगी तर एकच होती.

शेवटी मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्या म्हणाल्या, की ठोकळा मी उंचावर लावेन, त्यावर झाकणही ठोकेन. पण झाडताना मावशींचं कोपर लागतं, टीव्हीवाले येतात ते मिळेल ती पिन उपटतात, वीज गेली-आली की कुणाच्या लक्षात राहत नाही. ते चालू आहे की नाही, हे बघायला मला वरच्या मजल्यावर माणूस लागेल. रोज दोनदा फेरी मारणारा, न चुकता.

"असा एकच आहे," त्या म्हणाल्या. "तो खालच्या वॉर्डात जाऊन मला चालणार नाही."

सर हो म्हणाले की नुसतीच मान हलवली, ते त्यांना नंतर आठवेना. दाराबाहेर आल्यावर त्यांनी भिंतीला टेकून रुमालाने तोंड पुसलं, आणि मग डोळेही पुसले.

पुढे ती बॅटरी किती टिकली हे सांगत बसत नाही. बॅटरीवाली नंतरच्या खेपेला आली तेव्हा सरांच्या डबीला तिने हातही लावला नाही. पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाच्या संध्याकाळचं. झाकण ठोकायला सुतार दुसऱ्या दिवशी येणार होता, ठोकळा अजून जुन्या कोपऱ्यातच होता. जेवण झाल्यावर सर काकूंच्या खोलीत गेले. किती वेळा उठलो, किती वेळा बसलो, हे मोजायचं आता कारण नव्हतं. काकूंनी विचारलं, तुम्ही कुणाचे पालक. सर म्हणाले, चला, जरा फेरी मारून येऊ. काकू भल्या मनाच्या. कुणी बोलावलं तर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पायमोज्यांवरच चपला चढवल्या आणि सरांच्या दंडाला धरून त्या निघाल्या.

हॉल रिकामा झाला होता. सरांनी पंखे बंद केले. टीव्ही बंद केला. पाण्याचं यंत्र बंद केलं. काकू त्यांच्या मागे मागे सगळं बघत होत्या, कुठल्यातरी ओळखीच्या जागी आल्यासारख्या. सरांनी छताचे दिवे घालवले आणि हॉलमध्ये अंधार झाला. फक्त कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता.

आणि सरांचा हात पुढे झाला. त्यांना करायचं नव्हतं, त्यांना चांगलं ठाऊक होतं, पण हाताला जन्माची सवय होती आणि बोट बटणावर जाऊन टेकलंसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी त्यांचं मनगट धरलं. ती पकड म्हाताऱ्या, विसरभोळ्या बाईची नव्हती. ती पकड सरांना ओळखीची होती.

"अहो, तो राहू दे," काकू म्हणाल्या. "एक जण यायचाय अजून."

नोकरीची सगळी वर्षं या वाक्याला सरांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलं नाही. त्यांनी बटणावरून बोट काढलं आणि काकूंच्या हातावर आपला हात ठेवला.

"राहू दे," ते म्हणाले. "चालूच राहू दे."

काकूंनी त्यांच्याकडे जरा संशयाने बघितलं. एवढ्या सहज हे कधी ऐकत नाहीत, हे त्यांना कुठेतरी अजून आठवत असावं. मग दोघं हळूहळू खोल्यांकडे परत निघाली, आणि जिन्याच्या तोंडाशी आल्यावर काकूंनी एकदा मागे वळून दिवा चालू असल्याची खात्री करून घेतली.